फूल मान का टाकतं : देठातलं पाणी आणि देठातलं लाकूड

लग्नाच्या स्टेजवर सकाळी दहाला लावलेला जरबेरा दुपारी चारच्या सुमारास खाली बघायला लागतो. डेकोरेटर म्हणतो माल शिळा होता, विकणारा म्हणतो पाणी दिलं नसेल, पॉलीहाऊसवाला म्हणतो जातच नाजूक. मान टाकलेली फुलं दिसतात सारखीच, पण त्यामागची कारणं दोन आहेत आणि एकावरचा इलाज दुसऱ्यावर चालत नाही. एका देठात पाणी कमी पडलेलं असतं, दुसऱ्यात लाकूड.

हा फरक स्वयंपाकघरात रोज दिसतो. मलूल कोथिंबीर पाण्याच्या पेल्यात उभी केली की तासाभरात उठून बसते, कारण तिचा ताठपणा सगळा पाण्याचा. जून भेंडी ओट्यावर दोन दिवस पडून सुकली तरी काडीसारखी ताठच राहते, कारण तिचा ताठपणा भिंतींचा. कापलेल्या फुलाचा देठ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. खरी अडचण अशी की एकाच देठाचा खालचा भाग जून भेंडीसारखा असतो आणि फुलाजवळचा भाग कोथिंबिरीसारखा.

देठ आडवा कापल्यावर

धारदार ब्लेडनं देठाची पातळ चकती कापून उजेडासमोर धरा. सगळ्यांत बाहेर त्वचा आणि तिच्यावरचा मेणाचा पातळ थर. त्वचेच्या आत काही ठिकाणी स्थूलकोन ऊती, मग मऊसर मूल ऊती, त्यात गोलाकार मांडलेले वाहिन्यांचे जुडगे, जुडग्यांना धरून दृढ ऊतींचे धागे आणि मधोमध भेंड (म्हणजे मऊ गाभा) किंवा पोकळी. (इंदूरात हिंदी माध्यमात शिकलेल्यांना हेच मृदूतक, स्थूलकोणोतक, दृढोतक म्हटलं की चटकन आठवेल.)

मूल ऊतींच्या पेशी पातळ भिंतींच्या, पाण्यानं गच्च भरलेल्या. चांगलं पाणी प्यायलेल्या पेशीतला दाब साधारण ३ ते १० बार असतो. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. आतल्या पेशी बाहेर ढकलतात, त्वचा त्यांना आवळून धरते आणि गच्च भरलेल्या पोत्यासारखा देठ ताठ उभा राहतो. पाणी कमी झालं की पोतं सैल पडतं.

स्थूलकोन ऊतींच्या भिंती कोपऱ्यांत जाड असतात. ही जाडी सेल्युलोज आणि पेक्टिनची, लिग्निनची (भिंतीला लाकडासारखं कडक करणाऱ्या द्रव्याची) नव्हे, त्यामुळे त्या वाकतात, ताणल्या जातात, तुटत नाहीत. अळूचं फदफदं करताना देठावरचे जे दोरे सोलून टाकतो, त्यांत या ऊती असतात. वाढत्या, कोवळ्या देठाला आधार यांचाच.

लाकूड म्हणजे दृढ ऊती आणि जलवाहिन्या. यांच्या भिंतींत लिग्निन बसलेलं असतं. लिग्निन एकदा बसलं की पाणी असो नसो, कडकपणा टिकतो. पण लिग्निन बसलेली पेशी पुन्हा लांब होऊ शकत नाही, म्हणून झाड ते लांबी पूर्ण झाल्यावरच बसवतं. सगळी गोम इथे आहे. जरबेऱ्याच्या दांड्यात आणि गुलाबाच्या कळीखालच्या देठात सगळ्यांत शेवटी लांब होणारा भाग फुलाच्या लगेच खाली असतो. म्हणजे सगळ्यांत जास्त वजन जिथे झुलतं, तिथेच लिग्निन सगळ्यांत उशिरा पोचतं. फूल दोन दिवस आधी काढलं तर ते दोन दिवस नेमके मानेच्या हिश्श्याचे जातात.

या सगळ्या पेशी एकमेकींना चिकटवणारं द्रव्य म्हणजे पेक्टिन, पेरूची जेली जमते ती याच्याच जोरावर. पेक्टिनचे धागे कॅल्शियम एकमेकांना बांधतं आणि त्यातल्या काही गाठी बोरॉनच्या असतात. कॅल्शियम कमी पडलं की पेशी शाबूत राहतात, पण त्यांची पकड सैल होते.

जाडीचा हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. भरीव देठाचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. देठ ५ मिलीमीटरऐवजी साडेपाच असेल तर तो दहा टक्के जाड, पण सुमारे ४६ टक्के जास्त ताठ. पोकळ देठात तेवढ्याच सामानात जास्त ताठपणा मिळतो, पण कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉसारखी त्याची भिंत एका जागी चेपली की संपलं. जरबेरा, डेलिया, झिनिया यांच्या देठावर एकदा पडलेली मोड कितीही पाणी दिलं तरी पूर्ण जात नाही.

आधी निदान

मान टाकलेल्या मालातले पाच देठ घ्या. बुडाकडून ३ सेंटीमीटर कापा, शक्यतो पाण्याखाली. फुलं खाली लोंबू नयेत म्हणून जुडी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि स्वच्छ कोमट पाण्यात सावलीत उभी करा. चार तासांनी कागद सोडा. देठ ताठ झाले तर दोष पाण्याचा : वाहिनीत हवा शिरली होती, जंतूंनी तोंड बंद केलं होतं किंवा माल फार वेळ कोरडा राहिला होता. फुलं आणि पानं टवटवीत झाली पण मान तशीच पडलेली राहिली, तर दोष लाकडाचा. पाचातले दोन-तीनच उठले तर दोन्ही थोडे थोडे आहेत, आणि असा माल मंडीत बराच मिळतो.

मोड पडलेले देठ या चाचणीत घेऊ नका. त्यांची भिंत चेपलेली असल्यामुळे निकाल फसवा येतो.

दुसरी परीक्षा खरेदीच्या वेळची. देठ फुलाखाली ४० सेंटीमीटरवर टेबलाच्या कडेशी दाबून आडवा धरा आणि फूल किती खाली येतं ते कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजा. कार्नेशनसाठी आडव्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त झुकणारा देठ कमजोर समजतात. बाकी फुलांसाठी स्वतःची रेषा ठरवावी, कारण जातीजातीत फुलाचं वजन वेगळं. मात्र मोजणी रोज एकाच वेळी आणि पाणी प्यायलेल्या देठावर करा. दुपारी कोरड्या मालावर मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

मान स्वतंत्र तपासायची असेल तर फुलाखाली ८ ते १० सेंटीमीटरवर अंगठा आणि तर्जनीमध्ये देठ धरून हलकेच फिरवा. जून देठ बोटांत टणक लागतो. कोवळा देठ दबतो आणि सोडल्यावर किंचित चपटा राहतो. दहा देठांवर बोट बसलं की फरक डोळे मिटूनही कळतो.

ज्यांच्या घरी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आहे, त्यांनी त्याच्याकडून एकदा लिग्निन रंगवून घ्यावं. मानेची आणि बुडाची अशी दोन पातळ चकत्यांची जोडी, अल्कोहोलमधलं फ्लोरोग्लुसिनॉल एक-दोन थेंब, मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. दोनेक मिनिटांत लिग्निन असलेला भाग लालगुलाबी होतो. बुडाच्या चकतीत लाल कडं स्पष्ट दिसेल. लवकर काढलेल्या जरबेऱ्याच्या मानेत फक्त जलवाहिन्यांचे विखुरलेले ठिपके दिसतील, कडं नसेल. हे काम प्रयोगशाळेतच करायचं, हातमोजे घालून. आम्लाची वाफ सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला खाते, म्हणून चकती काचेनं झाकून पाहावी आणि लगेच काढावी. रंगही फार वेळ टिकत नाही.

पाण्याच्या दाबाची गंमत मात्र कोणालाही घरी बघता येते. जरबेऱ्याचा ५ सेंटीमीटरचा तुकडा उभा चार फाकांत चिरून साध्या पाण्यात टाका : फाका बाहेरच्या बाजूला वळतात, कारण आतल्या पेशी फुगतात आणि त्वचा ताणत नाही. त्याच फाका दाट मिठाच्या पाण्यात टाकल्या की वळण सैल पडतं. फाका साध्या पाण्यातही फारशा वळल्या नाहीत तर तो देठ एक तर फार जून आहे, नाहीतर त्याच्या पेशी मेलेल्या आहेत. वास घेतला की दोनांपैकी कोणतं ते समजेल.

जरबेरा

मानेच्या तक्रारी सगळ्यांत जास्त याच्याच, म्हणून याच्यापाशी जरा थांबू. दांड्यावर एकही पान नाही, पेर नाही, खालून वर एकच सरळ नळी. खालच्या भागात दृढ ऊतींचं कडं पूर्ण असतं, वर जाताना ते पातळ होत जातं, आणि फुलाखालच्या १० ते १५ सेंटीमीटरमध्ये जवळजवळ नसतं. तेवढा भाग पाण्याच्या दाबावर उभा असतो, म्हणून जरबेरा वाकतो तो तिथेच.

काढणीची खूण फुलाच्या मधल्या चकतीत असते. बाहेरच्या दोन ओळींतली बारीक फुलं उमलून परागकण दिसू लागले की मगच काढा. पाकळ्या पूर्ण पसरल्या म्हणजे फूल तयार झालं, हा समज चुकीचा आहे. पाकळ्या आधी पसरतात, मान नंतर पिकते. दांडा कापायचा नाही. बुडाशी धरून बाजूला तिरका करून उपटायचा. कापला तर मागे राहिलेला खुंट सडतो आणि कुज गड्ड्यात उतरते.

उपटलेल्या दांड्याच्या बुडाला तपकिरी टाच असते. ती लाकडी असून तिच्यातल्या वाहिन्या अरुंद असतात, त्यामुळे तिच्यातून पाणी नीट चढत नाही. २ ते ४ सेंटीमीटर कापून टाका. ही टाच न कापता बादलीत ठेवलेला माल म्हणजे बूच न काढता बाटली तोंडाला लावणं.

जंतूंच्या बाबतीत जरबेरा फार हळवा आहे. लवदार, मऊ देठ पाण्यात लवकर कुजतो आणि कुजलेला रस वाहिन्यांत चढतो. बादलीत पाणी ५ ते ८ सेंटीमीटरच ठेवा, जास्त नको. दर लिटरला ४ ते ५ टक्क्यांचं साधं ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) १ मिलिलिटर घातलं की क्लोरिन ४०-५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०-५० भाग) आसपास येतं. प्रमाण दुप्पट केलं तर देठाचं टोक पांढरं पडून जळतं, तेव्हा सढळ हात नको. द्रावण रोज बदला. ब्लीच घातलेल्या बादलीत लिंबूसत किंवा कुठलंही आम्ल घालायचं नाही, विषारी वायू सुटतो.

बाजारात जरबेऱ्याच्या दांड्यावर पारदर्शक स्ट्रॉ चढवून मिळते. वाहतुकीत मोड पडू नये म्हणून ती उपयोगी आहे, पण तिच्या आत मान पडलेलीही ताठ दिसते. घेताना जुडीतल्या दोन दांड्यांची स्ट्रॉ खाली सरकवून बघायला लाजू नका. तार गुंडाळायची असेल तर सैल. आवळलेली तार मऊ देठात रुतते आणि फूल वरून सुकतं.

गुलाब

गुलाबाच्या देठाला खाली भरपूर लाकूड असतं, तरी मान पडते ती कळीखालच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये. कारणं तीच दोन, पण इथे पाण्याचं पारडं जड. पानं खूप पाणी उडवतात, आणि वाहिनीत हवेचा बुडबुडा किंवा जंतूंचा चिकटा अडकला की सगळ्यांत आधी मानेचा पुरवठा तुटतो. म्हणून गुलाबावर इलाज बहुधा लागू पडतो : ३ सेंटीमीटर पाण्याखाली कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, कागदात घट्ट सरळ गुंडाळा आणि सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यात एक-दोन तास खोल उभे करा. कागद महत्त्वाचा आहे, कारण वाकलेल्या स्थितीत पाणी प्यायलेली मान वाकलेलीच ताठ होते. फार मलूल फूल अर्धा तास आख्खं पाण्यात आडवं बुडवून ठेवलं तरी उठतं.

कच्च्या कळीवर मात्र काहीच चालत नाही. कळीखालची हिरवी निदलं खाली वळलेली आणि बाहेरची एक-दोन पाकळी सुटू लागलेली हवी. पिवळ्या जाती जरा आधी काढल्या तरी उमलतात, लाल-गुलाबींना एवढी सवलत नाही.

देठाचं टोक ठेचायची सवय घराघरांत आहे. ती सोडा. ठेचल्यानं वाहिन्या चेपतात आणि फुटलेल्या पेशींचा रस म्हणजे जंतूंना आयतं जेवण. तिरका काप द्यावा. त्यानं पाणी जास्त चढतं म्हणून नव्हे, तर टोक बादलीच्या तळाला सपाट चिकटून बंद होत नाही म्हणून. काप ब्लेडचा हवा. स्वयंपाकघरातली कात्री देठ कापण्याआधी चिरडते.

कार्नेशन, शेवंती आणि बाकीचे

कार्नेशनचा देठ पेरांवर तुटतो. पेरांमधला भाग ताठ आणि पेर ठिसूळ, त्यामुळे भल्या पहाटे पाण्यानं तट्ट भरलेला असताना काढला तर हातातच कडकन मोडतो. ऊन थोडं वर आल्यावर, पण दुपारच्या आधी काढणं बरं. आडव्या धरण्याच्या परीक्षेत तो सतत नापास होत असेल तर बादलीत कारण शोधू नका, बागेत शोधा : नत्र जास्त, उजेड कमी, उष्णता जास्त.

शेवंतीचं उलट आहे. तिथे लाकूड जास्त झाल्यानं त्रास होतो. बुडाचा तपकिरी, टणक भाग पाणी ओढत नाही. हिरवा भाग लागेपर्यंत वर चढून कापायचं, लांबी गेली तरी चालेल.

झिनिया खालून कितीही राठ दिसली तरी फुलाखाली पोकळ आणि कोवळी असू शकते. फुलाखाली वीसेक सेंटीमीटरवर धरून हलवा. मान लटपटली तर आणखी दोन-तीन दिवस झाडावर ठेवा, सगळा देठ काठीसारखा एकत्र हलला तरच कापा. अशी कच्ची कापलेली झिनिया पुढे पिकत नाही. सूर्यफूल पाकळ्या उचलू लागताच काढावं, कारण पूर्ण उमललं की डोकं जड होतं आणि देठ तेवढाच राहतो. झेंडूला तर दांडीचं दुखणंच नाही, इंदूरच्या खजराण्याच्या गणपतीच्या हारात तो नुसता ओवला जातो.

बागेत काय करायचं

माळव्याच्या काळ्या मातीत कॅल्शियमची ददात नाही. तरी इथल्या पॉलीहाऊसमध्ये ऑगस्टमध्ये काढलेल्या जरबेऱ्याची मान कॅल्शियमअभावी सैल निघू शकते, आणि यात विसंगती काही नाही. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि तो प्रवाह पानं वाफ सोडतात म्हणून चालतो. पावसाळ्यात पडदे बंद, आत दमट हवा, वाफ उडत नाही, मग कॅल्शियम मातीतच बसून राहतं. त्यात फुलाचा दांडा पानांइतकी वाफ सोडतच नाही, त्यामुळे वाट्याला येतं तेही पानांकडे जातं. म्हणून खताची पिशवी आणण्याआधी पडदे उघडा, हवा खेळती करा, पंखे लावा.

पंख्याचा आणखी एक फायदा आहे. वाऱ्यानं सतत हलणारं झाड बुटकं आणि जाड देठाचं होतं. १९७३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जॅफी यांनी या प्रतिसादाला नाव दिलं. झाड हलवलं की ते लांबी कमी करून आधार वाढवतं. मंद, सतत हलवणारी हवा हवी, झोडपणारी नको.

उजेडाकडे दुर्लक्ष सगळ्यांत महाग पडतं. लिग्निन तयार करायला साखर लागते आणि साखर उजेडात होते. एप्रिल-मेच्या उन्हासाठी लावलेली ५० टक्क्यांची शेडनेट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तशीच राहिली तर देठ लांब, फिकट आणि पोचट निघणारच. पहिला जोराचा पाऊस झाला की नेट गुंडाळून ठेवा. झाडांतलं अंतरही यातच येतं : जरबेरा वाफ्यावर ३० बाय ३० सेंटीमीटरपेक्षा दाट लावू नका. दाट लावलेली झाडं उजेडासाठी एकमेकांवर उंच होतात.

नत्र जास्त झालं की पेशी मोठ्या आणि भिंती पातळ होतात. पाला हिरवागार दिसतो आणि मालक खूश असतो. फुलं सुरू झाल्यावर नत्राच्या दीड ते दोन पट पालाश द्यावं, म्हणजे पेशीतला दाब टिकतो. कॅल्शियमसाठी कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून : लिटरला १ ग्रॅम म्हणजे साधारण १९० पीपीएम कॅल्शियम आणि १५५ पीपीएम नत्र. हे १५५ हिशोबात धरा, नाहीतर कॅल्शियमच्या नावाखाली नत्रच वाढतं. पाऊण ग्रॅम बहुतेकांना पुरतं. सल्फेट आणि फॉस्फेटच्या खतांबरोबर त्याचं दाट द्रावण एका टाकीत करायचं नाही, पांढरा साका बसून ठिबक बुजतं. दोन टाक्या ठेवा.

दांड्यांवर कॅल्शियम क्लोराइडची फवारणीही चालते, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, आठ-दहा दिवसांनी. भर उन्हात केली तर पानांच्या कडा जळतात, म्हणून आधी एका वाफ्यावर करून पाहा. पोटॅशियम सिलिकेटनं जरबेरा आणि सूर्यफुलाचा देठ जाड होतो, पण ते फार अल्कलीधर्मी असतं, कॅल्शियममध्ये मिसळलं की फुटतं, आणि जास्त झालं तर फुलंच वेडीवाकडी येतात. आधी हवा, उजेड आणि नत्र ठीक करा. सिलिकेटचं नाव त्यानंतर. बोरॉनच्या बाबतीत कमतरता आणि विषबाधा यांत फार कमी अंतर आहे, माती-पानांची तपासणी न करता देऊ नका.

कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) लावत असाल तर एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. न मुरवलेलं कोकोपीट कॅल्शियम स्वतः धरून ठेवतं आणि सोडियम-पोटॅशियम सोडतं. ५ किलोच्या विटेला १०० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून, रात्रभर भिजवून, मग चांगलं धुऊन वापरा. शेणखत घालणार असाल तर पूर्ण कुजलेलं घाला. १९२४ साली इंदूरात सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली, आणि ज्या गावाचं नाव तिला लागलं तिथेच वाफ्यात ओलं शेण घालणं शोभत नाही. अर्धकच्चं खत नत्र एकदम आणि नको त्या वेळी सोडतं.

बादलीतलं पाणी

नर्मदेकाठच्या जलूदहून इंदूरला चढवून आणलेलं नळाचं पाणी आणि घरच्या बोअरिंगचं पाणी, दोन्ही एकाच मापानं चालत नाहीत. बोअरिंगचं पाणी बहुधा जड आणि अल्कलीधर्मी असतं, आणि अशा पाण्यात जंतू वाढतात, देठात पाणी हळू चढतं. गुलाब-कार्नेशनसाठी लिटरला ०.३ ग्रॅम लिंबूसत घालून पीएच कागदानं तपासा, ३.५ ते ४.५ हवा. जड पाण्याला दुप्पटही लागेल. आरओच्या टाकाऊ पाण्यात क्षार जास्त, ते फुलांना नको. मीठ वापरणाऱ्या सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यातलं सोडियम गुलाबाला सोसत नाही.

साखर लिटरला १० ते २० ग्रॅम. ती नुसती फुलाचं खाणं नाही, कापल्यानंतरही भिंती जाड करायला देठ तिचा वापर करतो, म्हणून मानेसाठी ती खरोखर उपयोगी. पण जंतुनाशकाशिवाय घातलेली साखर जंतूंच्याच पोटात जाते. गुलाबाच्या साखरपाण्यात लिटरला ०.३ ग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट घाला. ते नसेल तर बारीक कुटलेली तुरटी त्याच्या दीडपट. जरबेऱ्याला ब्लीच आणि साधं पाणी पुरे. तांब्याचं नाणं, डोकेदुखीची गोळी वगैरेंवर वेळ घालवू नका.

स्टेजवर

लाकूड कमी असलेला माल गळ्यात पडलाच तर लांबी कमी करा. तिरक्या लावलेल्या देठाचं झुकणं मोकळ्या लांबीच्या तिसऱ्या घातानं वाढतं, ५० सेंटीमीटरऐवजी मोकळा भाग ४० केला तर झुकणं जवळपास निम्मं होतं. उंच, अरुंद तोंडाचं भांडं घेतलं तर न कापताही हेच साधतं. जरबेऱ्याच्या मानेला मात्र यानं काही होत नाही, कारण तिथे अख्खा देठ झुकत नाही, दहा सेंटीमीटरचा एक तुकडा दुमडतो. त्याला स्ट्रॉ किंवा वरच्या बाजूला सैल तार, आणि तीही मोड पडण्याआधी.

फुलं खोवायचा स्पंज पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्या. हातानं दाबून बुडवला तर मध्ये कोरडा राहतो, आणि नेमका त्या कोरड्या भागात देठ जातो. मऊ देठासाठी आधी काडीनं भोक पाडा. एकदा खोवलेला देठ जरासाही मागे ओढू नका, टोकाखाली हवेची पोकळी राहते.

ग्लॅडिओलस आणि निशिगंधाच्या छड्या खोक्यात आडव्या आल्या की शेंडे वर वळलेले निघतात. हा कमजोरपणा नव्हे. छडी आडवी असताना शेंडा आपला वर वाढत राहतो, आणि ताज्या, जोमदार छडीत हे वळण जास्तच दिसतं. म्हणून वळलेला शेंडा पाहून माल परत करू नका. पुढच्या वेळी खोकं उभं पाठवायला सांगा, आणि आल्याबरोबर छड्या बादलीत सरळ उभ्या करून रात्रभर अंधारात ठेवा, एकाच खिडकीच्या उजेडाकडे तर मुळीच नको.